चुन्याला थंडी सोसत नाही

शुभदा गेल्याचा फोन मला डेरेकने केला. डेरेक म्हणजे गवंडी. इथल्या जुन्या चर्चच्या मनोऱ्यावर तिच्याबरोबर काम करणारा, साठीला टेकलेला, मोजकं बोलणारा इंग्रज माणूस. सकाळची वेळ होती, मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते आणि फोनवर त्याचं नाव पाहून आधी वैतागलेच, कारण त्याचे फोन यायचे ते मॅडमना साइटवरून घरी न्यायला या, नाहीतर मॅडम आजही आल्यात, तुम्ही तरी समजवा, अशाच तक्रारींचे. तो म्हणाला, "शी'ज गॉन, लव्ह." त्याच्या मागे, अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांना ठेवतात त्या हॉस्पिसच्या कॉरिडॉरमधून कसलीतरी ट्रॉली जात होती, तिचा आवाज तेवढा येत राहिला. रोज कामावर जाण्याआधी तो तिच्या खोलीत डोकवायचा, मनोऱ्याची खबर द्यायचा आणि पुढे जायचा. त्या दिवशी तो पोचला तेव्हा शुभदाची मुलगी ईशा पलंगाशेजारी फोन हातात धरून बसली होती आणि तिला कुणाचाही नंबर लावता येत नव्हता. म्हणून त्याने लावला.

गेलेल्या माणसाबद्दल गोड गोड लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते जमेल असं वाटत नाही. शुभदा कमालीची हट्टी होती, समोरच्याचं ऐकून घेतानाही तिचं उत्तर तयार असायचं, आणि तिने शेवटचे महिने ज्या तऱ्हेने घालवले त्याचा मला अजून राग आहे. तो राग गेला तर तिच्याबद्दल माझ्याकडे काय उरेल, याची भीतीही वाटते. तेव्हा राग ठेवूनच लिहिते.

आमची ओळख कॉव्हेंट्रीच्या मंडळाच्या गणपतीतली. एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन दीड दिवसाचा गणपती बसायचा. मी तेव्हा एका फार्मसीत नोकरीला होते, माझी मुलं लहान होती, आणि मंडळात प्रसादाचं खातं माझ्याकडे होतं. आरती अगदी रंगात आलेली असताना एक नवी बाई मागच्या भिंतीपाशी उभी राहून भिंतीवर टिचक्या मारताना मला दिसली. टिचकी मारायची, कान लावायची, दोन पावलं सरकायची, पुन्हा टिचकी. आरती संपल्यावर तिने मंडळाच्या अध्यक्षांना गाठलं आणि या भिंतीला मागून ओल आहे, प्लास्टर कधीही खाली येईल, लहान मुलांना इथे बसवू नका, असं बजावलं. अध्यक्ष हसले. मी नाही हसले, कारण माझी मुलं तिथेच बसली होती. दिवाळीपर्यंत ते प्लास्टर खरोखरच पडलं आणि आमची मैत्री जमली.

ती मूळची आर्किटेक्ट. शिक्षण झाल्यावर पहिलंच काम तिला साताऱ्याकडच्या एका नदीकाठच्या घाटाच्या दुरुस्तीचं मिळालं होतं. तिथे बैलांच्या घाण्यात चुना मळायचे, आणि ही शहरातली मुलगी दोन पावसाळे तिथे राहून गवंड्यांबरोबर चुना कालवायला शिकली. लग्नानंतर नवऱ्याच्या, विनयच्या, नोकरीमुळे ती इकडे आली. इथे तिने जुन्या इमारती सांभाळण्याचं रीतसर शिक्षण घेतलं आणि त्याच कामातल्या एका ऑफिसात लागली. ईशा युनिव्हर्सिटीत असताना विनय हार्ट अटॅकने गेला. ईशाला पुढे बेसिंगस्टोकला एका आयटी कंपनीत नोकरी लागली, आणि शुभदा त्यांच्या भिंतीला भिंत लागलेल्या टेरेस्ड घरात एकटी राहू लागली. एकटी म्हणजे अगदी एकटी नव्हे. स्वयंपाकघराच्या खिडकीत वेगवेगळ्या भिंतींतून काढलेल्या जुन्या चुन्याचे तुकडे मांडलेले असायचे आणि चहा टाकता टाकता ती ते हातात घेऊन बघायची. आपण कोथिंबिरीच्या कुंड्या ठेवतो तिथे.

आता त्या चर्चबद्दल. लाल वालुकाश्माचं, मध्ययुगातलं, शहराच्या ऐन मध्यात. दुसऱ्या महायुद्धात आजूबाजूचं सगळं जळलं तरी ते उभं राहिलं. युद्धानंतर शहराने त्याच्याभोवती काँक्रीटची दुकानं आणि रस्ते बांधले, आणि कुणा भल्या माणसांनी त्याच्या मनोऱ्याची पडझड सिमेंटने लिंपून टाकली. आता ती काँक्रीटची दुकानंही म्हातारी झाली. ती पाडून तिथे विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या उंच इमारती, चौक, कारंजं, असं सगळं चाललंय. दहा पावलांवर क्रेन आणि मध्ये हे लाल चर्च, रविवारी दहा-बारा म्हाताऱ्यांपुरतं उघडणारं. मनोऱ्याचा एक दगड सुटून पेव्हमेंटवर पडला तेव्हा तिथे कुंपण घातलं गेलं, आणि एक अहवाल आला की मनोरा धोकादायक आहे, वरचा अर्धा भाग उतरवून ठेवावा. उतरवलेला मनोरा पुन्हा कधी चढत नाही, हे शुभदाला पक्कं ठाऊक होतं.

तिचं म्हणणं असं की मनोरा म्हातारपणाने नव्हे, सिमेंटने मरतोय. माझ्या डायनिंग टेबलवर बसून तिने मला हे समजावलं होतं. जुनी भिंत पाणी पिते आणि दगडांमधल्या दरजांतल्या चुन्यातून ते पाणी बाहेर सोडते. दरजा सिमेंटने बुजवल्या की पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. मग ते दगडात थांबतं, थंडीत गोठतं आणि दगडच भुगा होऊन गळायला लागतो. "ओला टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून महिनाभर ठेवून बघ," ती म्हणाली, "म्हणजे कळेल." उपाय एकच होता. सगळं सिमेंट हाताने, छिन्नीने, दगडाला धक्का न लावता काढायचं आणि दरजा पुन्हा चुन्याने भरायच्या. वेळखाऊ काम. कौन्सिलच्या, चर्चवाल्यांच्या आणि त्या चौकाच्या बिल्डरच्या बैठकांत ती हेच सांगत राहिली, आणि अखेर तिला मनोरा मिळाला. मिळाला हा शब्द तिचाच. मनोरा पूर्ण उंचीने उभा राहिला पाहिजे आणि त्यात सिमेंटचा कणही असता कामा नये, इतकंच तिला आयुष्याकडून हवं होतं असं म्हटलं तरी चालेल. मला ते तेव्हा कौतुकाचं वाटायचं.

चुन्याचं काम म्हणजे लहान मुलाचं करण्यासारखं. तो हवेने, हळूहळू, बाहेरून आत धरतो. ऊन लागलं तर तडकतो, म्हणून ओलं गोणपाट टांगायचं. थंडी लागली तर आतलं पाणी गोठतं आणि तो धरतच नाही, नुसतं पीठ होऊन बसतो, वरून मात्र चांगला दिसतो. म्हणून तिचा नियम होता की ऑक्टोबर लागला की चुन्याला हात लावायचा नाही. "चुन्याला थंडी सोसत नाही," हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला झोपेतही म्हणता येईल. एकदा दुसऱ्या एका कामावर एका कंत्राटदाराने नोव्हेंबरात भिंतीचा मोठा भाग भरला होता. त्याने हातापाया पडून सांगितलं, झाकून ठेवतो, हीटर लावतो. हिने वसंतात सगळं खरवडून काढायला लावलं आणि पुन्हा भरून घेतलं. त्यातला काही भाग चांगला धरलेला होता, असं डेरेक म्हणतो. तिने तोही काढायला लावला, कारण कुठला धरलाय आणि कुठला नाही हे बाहेरून छातीठोकपणे सांगता येत नाही. डेरेकला ती तेव्हापासून आवडायची की तेव्हापासून तो तिला घाबरायचा, हे मला नीट कळलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात, मनोऱ्याला परांची लागलेली आणि काम जोरात असताना, तिला पॅनक्रियाजचा कॅन्सर निघाला. पोट दुखतंय म्हणून महिनोन्महिने ती पेपरमिंटच्या गोळ्या खात होती. मी फार्मसीत आयुष्य काढलेली बाई, मी तिला डॉक्टरकडे हाकललं, पण तोवर डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. ईशा त्याच वीकेंडला आली. खालची खोली रिकामी केली आहे, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेते, मी घरून काम करेन, आई तू चल, असं तिचं आर्जव. पोरीने सगळा विचार करून ठेवला होता. शुभदाने ऐकून घेतलं आणि सप्टेंबरपर्यंत मनोरा सोडता येणार नाही म्हणाली. सप्टेंबरात म्हणाली, थोडं राहिलंय. मग मात्र ईशाचा तोल गेला. "आई, तो चर्च पडला तर पडू दे ना. तुझा टाइम किती आहे, तुला माहीत आहे. तो टाइम माझा पण आहे." तिचं मराठी असंच आहे, इथेच वाढलेल्या मुलांचं असतं तसं, पण त्या दिवशी त्यात काही कमी पडलं नाही. शुभदाने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मी ईशाच्या बाजूने होते आणि तसं तोंडावर बोललेही. तुला एकच मुलगी आहे, मनोऱ्याला बघायला छप्पन्न लोक आहेत, असं बरंच काही. तेव्हा ती जे म्हणाली ते मी विसरू शकत नाही. "नीला, इथे मला रोज कुणीतरी काहीतरी विचारतं. कुठला दगड ठेवायचा, कुठला बदलायचा. तिथे मला सगळे फक्त बरं वाटतंय का एवढंच विचारतील." ते खरं होतं. पण म्हणून माझा राग गेला असं नाही, कारण दर शुक्रवारी कामावरून सुटून मोटरवेवरून तीन काउंट्या ओलांडून येणारी ती पोर मी पाहत होते, आणि शनिवारी सकाळी आई घरात नाही म्हणून साइटच्या कुंपणाबाहेर कॉफीचा कप घेऊन उभी राहिलेलीही पाहत होते. आत जायचं म्हणजे हेल्मेट, बूट, सह्या. ती कधी आत गेली नाही.

सप्टेंबर संपता संपता वरचं सगळं काम झालं. राहिला फक्त उत्तरेकडचा तळाचा तुकडा, एका बुटक्या दारापाशी, माणूस बसून काम करेल इतक्या उंचीवरचा. तिथे नव्या चौकासाठी पाइप टाकायला बिल्डरच्या लोकांनी चर खणला होता आणि तो बुजेपर्यंत नोव्हेंबर उजाडला. चौकाचं उद्घाटन ख्रिसमसच्या आधी व्हायचं होतं. साइट मॅनेजर हा तसा वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, लवकर घट्ट होणारं मिश्रण मिळतं, तेवढ्या तुकड्याला ते वापरू. शुभदा खुर्चीवर बसून होती, तिला आता उभं राहवत नव्हतं. तिने नाही सांगितलं. तुकडा न भरता तसाच ठेवा, फळ्या मारून झाका, वसंतात डेरेक भरेल, उद्घाटनाला आलेल्या कुणाचंही त्यावाचून अडणार नाही. मॅनेजरने खांदे उडवले आणि मान्य केलं. त्या संध्याकाळी ती खुशीत होती. ईशाला फोन करून, ख्रिसमसपर्यंत तुझ्याकडे येते, असंही म्हणाली.

त्यानंतर आठवडाभराने तिने मला गाडी काढायला सांगितली. मला वाटलं हॉस्पिटल. ती म्हणाली, साइटवर. सकाळी गवतावर दव गोठलेलं होतं आणि नऊ वाजून गेले तरी गाडीच्या काचा खरवडाव्या लागल्या. डेरेकने तिला धरून आत नेलं, पिंपावर गादी टाकून बसवलं. मग तिने त्याला थोडा चुना कालवायला सांगितला. नियम तुमचाच आहे, असं तो हळूच म्हणाला. या महिन्यात भरलेलं धरत नाही हे तुम्हीच मला शिकवलंत, तुम्ही माणसांकडून भिंती उकरून घेतल्यात, त्या उकरणारा मीच होतो, आणि आता मला हे करायला सांगू नका. इतकं सलग बोलताना मी त्याला त्याआधी ऐकलं नव्हतं. शुभदाने त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"मार्चमध्ये मी नसणार, डेरेक," ती म्हणाली.

त्याने चुना कालवला. तिने थापी मागितली, पण थापीवर जोर देण्याइतकी ताकद मनगटात राहिली नव्हती. एवढ्या वर्षांत तिने या मनोऱ्याला स्वतःच्या हाताने काही लावलं नव्हतं. ती सांगायची आणि डेरेक करायचा, असंच ते काम असतं. तिने हातमोजे काढले. चुना हाताला खातो, हे ती सगळ्यांना ओरडून सांगायची. तिने बोटांनी तो दरजांत भरला आणि अंगठ्याने दाबत दाबत गेली, चकलीचं पीठ सोऱ्यात दाबावं तशी, जीभ दातांत धरून. दोन-तीन दरजा झाल्या असतील. मग थकली आणि भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली. मी तिचे हात पाण्याने धुतले, तर अंगठ्याची कातडी पांढरी पडली होती. तिला विचारलं, का गं केलंस असं? तिने नुसतं बोटांकडे पाहिलं. आयुष्यभर जिने घाई करणाऱ्यांना शिव्या घातल्या, ती मरायच्या भीतीने घाई करून मोकळी झाली होती. मला तेव्हा तिच्याबद्दल जितकं प्रेम वाटलं तितकं आधी कधी वाटलं नव्हतं, आणि ते असं एका चुकीवर यावं याचं मला नवलही वाटलं.

ख्रिसमसला ती बेसिंगस्टोकला गेलीच नाही. त्याआधीच तिला इथल्या हॉस्पिसमध्ये हलवावं लागलं. ईशा रजा टाकून आली आणि त्या खोलीतल्या खुर्चीत झोपू लागली. डेरेक रोज सकाळी यायचा, टोपी हातात घेऊन दारात उभा राहायचा. शुभदा त्याला रोज तेच विचारायची, माझा तुकडा कसा आहे? तो रोज तेच उत्तर द्यायचा, झाकलेला आहे. एकदा तो गेल्यावर ती मला म्हणाली की डेरेकला खोटं बोलता येत नाही, म्हणून चुना धरलाय असं तो कधी म्हणत नाही. ईशा तिथेच बसून होती. आईचे शेवटचे दिवस आणि तरीही रोज सकाळी पहिली चौकशी त्या भिंतीची... तिच्या जागी मी असते तर डेरेकला दारातूनच परत पाठवलं असतं. तिने त्याला एकदाही अडवलं नाही. चहा विचारायची मात्र नाही.

शुभदा गेली आणि कडाक्याची थंडी पडली. इथे माणूस गेला की आपल्यासारखं त्याच दिवशी नेत नाहीत. कागद होतात, क्रिमेटोरियमची वेळ मिळावी लागते, जानेवारीत तर रांगच असते. दहावा येऊन गेला तेव्हा शुभदा अजून अंत्यविधीवाल्यांच्या शीतगृहात होती. ईशाने पुण्याच्या गुरुजींना व्हिडिओवर विचारलं, आता काय करायचं? ते बिचारे गडबडले. म्हणाले, दहनापासून मोजा. मग त्यांनाच ते पटेना, म्हणाले, मनोभावे कराल ते पोचेल. फोन ठेवल्यावर ईशाने मला विचारलं, "मावशी, म्हणजे आई आता कुठे आहे? इथे की तिकडे?" मी तिला पोळी खायला घातली. दुसरं मला काही येत नव्हतं. त्या सगळ्या दिवसांत डेरेक रोज संध्याकाळी त्या तुकड्यावरचं गोणपाट काढून कोरडं गोणपाट बांधायचा, वरून जाड रजई, वरून ताडपत्री. हे मला त्याच्या बायकोने क्रिमेटोरियमच्या दारात सांगितलं. तो स्वतः कोपऱ्यात उभा होता आणि त्याच्या सुटाच्या बाहीला चुना लागलेला होता.

एप्रिलमध्ये फळ्या निघाल्या. डेरेकने मला फोन केला आणि मी ईशाला कळवलं. येईल असं वाटलं नव्हतं, पण आली. हेल्मेट, बूट, सह्या, सगळं केलं आणि पहिल्यांदा कुंपणाच्या आत आली. चौक तयार झालाय. कारंज्यापाशी विद्यार्थी कॉफी पीत बसले होते आणि मनोऱ्याकडे मान वर करून कुणीही बघत नव्हतं. मनोरा मात्र उभा होता, पूर्ण उंचीने. डेरेकने आम्हाला शिडीवरून पहिल्या टप्प्यापर्यंत नेऊन दरजांत नख रुतवून बघायला सांगितलं. रुतलं नाही. चांगला धरलाय, असं तो म्हणाला, आणि हे वाक्य तिला ऐकवायचं राहिलं म्हणून की काय, पुन्हा एकदा म्हणाला.

मग तो खाली येऊन उत्तरेकडच्या तुकड्यापाशी गुडघ्यांवर बसला. गोणपाट बाजूला केलं. समोरून सगळं ठीक दिसत होतं. दरजेत तिच्या अंगठ्याचे ठसे ओळीने उमटलेले होते, अगदी स्पष्ट, एकात तर अंगठ्यावरच्या रेषाही दिसत होत्या. डेरेकने छिन्नीच्या मागच्या टोकाने हलकेच ठोकून पाहिलं. आवाज पोकळ आला. त्याने कडेला नख लावलं तर आतून पांढरी भुकटी ओघळली आणि दगडावर सांडत राहिली. त्याने पटकन तिथे तळहात धरला, रक्त थांबवताना धरतात तसा.

मग तो म्हणाला की तुकडा छोटा आहे, त्यावर भार काही नाही, पुढे बाक येणार आहे, कुणाला दिसणार नाही. वरचा पापुद्रा तसाच राहू दिला तर काही वर्षं टिकेलही. तो ईशाकडे बघत नव्हता. मीच पटकन म्हणाले, राहू दे, अगदी राहू दे. मी, जी वर्षभर या चर्चच्या नावाने बोटं मोडत होते, ती मी त्या अंगठ्यांसाठी भांडायला तयार झाले होते.

ईशा खाली बसली. तिने एका ठशावर स्वतःचा अंगठा ठेवला. तिचा अंगठा जरा मोठा आहे, नीट बसला नाही. तिने तो तसाच थोडा वेळ ठेवला.

"मावशी, आई हे ठेवली नसती," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणी केला असता तर ती ओरडून काढायला लावली असती. मग तिचा पण काढायचा."

डेरेकला तिने इंग्रजीत तेच सांगितलं. तो उठेना. शेवटी तिने त्याच्या हातातून छिन्नी घेतली. कुठून धरायची, दगडाला न लागता कशी फिरवायची, हे त्याने तिला दाखवलं आणि तिने दरजा खरवडायला सुरुवात केली. जोर लावावाच लागला नाही, हेच सगळ्यात वाईट होतं. ठसे एकेक करून सुटले आणि खाली पडून फुटले. एक मी ओंजळीत झेलला. रुमालात गुंडाळावा म्हणून बोटं मिटली तेवढ्यातच त्याची भुकटी झाली.

दरजा रिकाम्या झाल्यावर डेरेक पाण्याची नळी घेऊन आला. आतली धूळ धुऊन काढली नाही तर नवा चुना दगडाला चिकटत नाही, मे महिन्यात पुन्हा भरायचंय, असं त्याने समजावलं आणि नळी ईशाच्या हातात दिली. धार जोराची नको म्हणून तिने नळीखाली तळहात धरला आणि बोटांवरून दरजेत पाणी सोडू लागली. पांढरं पाणी भिंतीवरून नव्या फरशीवर उतरलं, मग ते पातळ झालं, मग नितळ. लाल दगड आतपर्यंत दिसायला लागला. आपल्याकडे गेलेल्या माणसाला पाणी देतात हे ईशाला कुणी शिकवलेलं नाही, आणि त्या वेळी मीही तिला सांगितलं नाही. दरज केव्हाच स्वच्छ झाली होती तरी ती हातावरून पाणी सोडत राहिली. डेरेक नळापाशी उभा होता. त्याने नळ बंद केला नाही.